भिंगरी आणि फिरता महिना

माझ्या थोरल्या भावाला सगळी गल्ली भिंगरी म्हणते. तोंडावर मिस्त्री म्हणतात, पण कोणी पत्ता विचारला की "भिंगरीची भट्टी ना? ती काय समोर," असंच सांगतात. नाव आईने ठेवलेलं. "ह्या मुलाच्या पायाला भिंगरी लागली आहे, कोणीतरी काढा रे," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ती काढणं कोणालाच जमलं नाही. आता केस पिकायला लागले तरी दादा जेवताना एकदा तरी उठतोच. कधी मीठ आणायला, कधी दार बघायला, कधी उगाच. झोपेत इतक्या वेळा कूस बदलतो की वहिनीने केव्हाच आपली चटई वेगळी केली आहे. तो शांत उभा राहतो तो फक्त भट्टीपुढे.

भट्टी आमच्या घराखालीच आहे. वर खिडकीत माझं शिलाई मशीन आणि खाली त्याचा हातोडा, अशी आमची दोघांची वर्षं गेली. दादा लोहार, आमचे वडीलही लोहार. पहारी, कुदळी, टिकाव सगळं करतो, पण खरं काम दगड घडवणाऱ्यांच्या छिन्न्यांचं. छिन्नीला नुसती धार लावून भागत नाही, तिला पाणी द्यावं लागतं. टोक लाल करायचं, पाण्यात बुडवायचं, पटकन दगडावर घासून चकचकीत करायचं आणि मग बघत राहायचं. मागे राहिलेली धग हळूहळू टोकाकडे सरकते आणि लोखंडावर रंग चढत जातात. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. जांभळा टोकाला पोचला की पुन्हा पाण्यात. घाई करून पिवळ्यावरच बुडवली तर छिन्नी कडक होते पण ठिसूळ, दगडावर पडताच टवका उडतो. हे रंग दिसावेत म्हणून भट्टीत दिवसाढवळ्याही अंधार ठेवावा लागतो. बाबा म्हणायचे, कडक काय कोणीही करतं, थांबता यायला हवं. दादा त्या तेवढ्या वेळापुरता थांबतो. बाकी दिवसभर घोड्यावर.

आता महिन्याची गोष्ट. आमचा रोज्यांचा महिना चंद्रावर चालतो, त्यामुळे दर वर्षी थोडा अलीकडे सरकतो. असा सरकत सरकत सगळे ऋतू हिंडून पुन्हा त्याच जागी यायला त्याला एका माणसाची उमेद खर्ची पडेल इतकी वर्षं लागतात. दादाने पहिला रोजा धरला तो ऐन उन्हाळ्यात. तेव्हा त्याचे दुधाचे दातसुद्धा सगळे पडले नव्हते. दिवसभर तो भट्टीच्या कोपऱ्यात बसून बाबांकडे बघत होता. "बाबांच्या ओठाला पाण्याचा थेंब लागला नाही आणि हातातला हातोडा थांबला नाही." हे वाक्य त्याने मला, वहिनीला, मुलीला, गिऱ्हाइकांना, उसने पैसे मागायला आलेल्यांनासुद्धा ऐकवलं आहे. संध्याकाळी बाबांनी त्याला खांद्यावर घेऊन गल्लीतून मिरवलं होतं. बाबा गेले तेव्हा महिना थंडीत पोचला होता. तेव्हापासून दादाचं एकच चाललेलं: महिना फिरून उन्हाळ्यात येऊ दे, मग बाबांसारखा भट्टीपुढे पुरा काढून दाखवतो.

महिना आला, पण त्याच्या आधी दादाच्या मूत्रपिंडाचं दुखणं आलं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "एक मूत्रपिंड जवळजवळ गेलंय, मिस्त्री. ह्या उन्हात, भट्टीपुढे, दिवसभर पाण्याशिवाय राहिलात तर दुसरंही जाईल. मग जन्मभर यंत्रावर रक्त धुवायला यायचं. थंडीत तब्येत बरी राहिली तर बघू." वहिनी त्याला तिथून सरळ मशिदीत घेऊन गेली. मौलाना म्हणाले, "आजाऱ्याला सूट आहे. बरं वाटेल तेव्हा भरून काढा. आणि ही सूट मी पदरची देत नाही हो, ती दिलेलीच आहे." दादाने दोघांपुढे मान डोलावली. आम्ही निश्चिंत झालो नाही. त्याला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात तेल ओतलं माझ्या भाचीने. म्हणजे तिने काही वाईट केलं नाही, पोर इतिहास शिकते आणि परीक्षा जवळ आलेली. जेवताना म्हणाली, "पप्पा, ह्या महिन्याच्या नावातच धग आहे. उन्हाने भाजलेली जमीन, तापलेले दगड, असा काहीसा अर्थ आहे."

दादा ताटावरून उठला. "मग मी काय वेगळं सांगतोय?"

"बसा ना. इतर महिन्यांच्या नावांतही ऋतू आहेत. एकात वसंत आहे. आपण रब्बी म्हणतो ना, तोच शब्द. एकात गोठवणारी थंडी आहे. आणि आता बघा, थंडीच्या नावाचा महिना कधीकधी भर उन्हात येतो."

"नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा," मी म्हणाले.

"पण आत्या, फार पूर्वी तसं नव्हतं म्हणतात. धर्म यायच्या आधी, तो जिथे सुरू झाला तिथले लोकही महिने चंद्रावरच मोजायचे, पण अधूनमधून एक जादा महिना घालायचे. कारण सण ऋतूला धरून हवेत. वसंतात जनावरांना पिल्लं झाली की बळी द्यायचा सण, फळं पिकली की जत्रा आणि बाजार. महिना घसरून जत्रा भलत्याच दिवसांत आली तर माल घेऊन येणार कोण? म्हणून त्यांनी महिने खुंटीला बांधून ठेवले होते."

"आणि रोजे?" वहिनीने विचारलं. ती दादाच्या ताटात भाजी वाढत होती आणि दादा खिडकीशी उभा होता.

"उपास तर त्याच्याही आधीपासून आहेत. कुराणातच आहे ना, तुमच्या आधीच्यांवर होते तसे तुमच्यावर. सुरुवातीला एका दिवसाचा रोजा होता, वर्षाच्या पहिल्या महिन्यातला. त्या दिवशी शेजारची यहुदी मंडळीही उपास धरायची. मग हा पुरा महिना ठरला. त्याच्या पुढे काही वर्षांनी तो जादा महिना घालणं बंद झालं. म्हणजे महिना खुंटीवरून सोडला, तेव्हापासून फिरतोय. आणखी मागचं काढायला गेलं तर कोणी काय सांगतं, कोणी काय. उन्हाने जळणाऱ्या पिकासाठी रडायचे जुने सण होते, त्यांच्याशी ह्याचं नातं लावणारेही आहेत. आमच्या बाई म्हणतात, त्याला पुरावा तोकडा आहे."

दादाने ह्यातलं नेमकं त्याला हवं तेवढंच उचललं. "खुंटीला बांधला होता तो कुठे? उन्हाळ्यात! म्हणजे उन्हाळा हेच त्याचं घर. बिचारा इतकी वर्षं दारोदार हिंडून घरी आलाय, आणि मी दार लावून घेऊ?"

"पप्पा, उलटं आहे ते, धर्मानेच तर त्याला खुंटीवरून सोडला," भाची म्हणाली. पण पप्पा तोवर अर्धा जिना उतरले होते.

पहिल्या दिवसापासून त्याने रोजा धरला. वहिनीने अबोला धरला. मी भांडले. "तुला यंत्रावर झोपायची हौस असेल, पण तिथे तुझ्याबरोबर बसणार कोण? आम्हीच ना?" असंही म्हणाले. तो हसला आणि खाली गेला. रोजा मीही धरत होते, पण मी सावलीत बसलेली, आणि खाली तो आगीसमोर. मग आमच्या घरात एक विचित्र खेळ सुरू झाला. हातोडा चालू आहे तोवर ठीक. ठोके थांबले की वहिनीचा हात पिठात थांबायचा आणि माझा पाय मशीनवर थांबायचा. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता कान द्यायचो. लोखंड तापत असेल. पाणी देत असेल. रंग बघत असेल. पुन्हा ठोका पडला की दोघी कामाला लागायचो. दिवसातून कितीदा असं व्हायचं त्याला सुमार नाही. मी त्या दिवसांत शिवलेले दोन झगे गिऱ्हाइकाने परत आणले, एकाची बाही उलटी बसली होती. एवढं वाईट काम मी शिकतानाही केलं नव्हतं.

एका दुपारी ठोका काही केल्या परत पडेना. मी जिना उतरून गेले तर दादा दाराची चौकट धरून उभा, दुसऱ्या हातात चिमटा. ओठ पांढरे.

"काय झालं?"

"काही नाही. धूर गेला डोळ्यात. पाथरवटकाकांच्या छिन्न्या आहेत, आजच द्यायच्यात."

"चल वर. आडवा हो."

"तू मशीनवर जा. उगाच घर डोक्यावर घेऊ नकोस."

मी दारातच उभी राहिले. त्याने एकेक छिन्नी भराभर पाण्यातून काढली, घासली, डोळे बारीक करून बघितली, पुन्हा बुडवली. मला वाटलं, किती लवकर चाललंय. पण ते काम माझं नव्हे, आणि मला त्याचा रागही आलेला. मी वर निघून गेले.

पाथरवटकाका म्हणजे आमच्या वडिलांचे दोस्त. गल्लीच्या टोकाला त्यांचं छप्पर आहे, तिथे जाती, पाटे, उंबरठे घडवतात. आमच्या भट्टीतली पाण्याची दगडी डोणही त्यांनीच कोरलेली. रोजे त्यांच्या घरात नसतात, पण तो महिना असला की आमच्यापैकी कोणी आलं तर ते हातातला चहाचा कप बाजूला ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच बोंब झाली. काकांनी नव्या छिन्नीचा पहिलाच घाव घातला आणि टोकाचा टवका उडून त्यांच्या डोळ्याखाली घुसला. डोळा वाचला तो केवळ त्यांचं नशीब बलवत्तर म्हणून.

दादा ऐकताच धावत सुटला. काकांना टाके घालून घरी आणेपर्यंत तो दवाखान्याच्या पायरीवर वरखाली करत होता. मग मला म्हणाला, "सगळीकडे जांभळंच दिसत होतं गं. भिंतीवर, हातावर, सगळीकडे. मला वाटलं छिन्नीवरच चढलंय." म्हणजे घेरी येत होती माणसाला, आणि ह्या शहाण्याने डोळ्यांपुढची अंधारी लोखंडावरचा रंग समजून वापरली! पिवळ्यावरच सगळ्या छिन्न्या बुडवल्या होत्या त्याने. लोहाराखेरीज दुसरं कोणी ही चूक करूही शकलं नसतं.

त्या दिवशी त्याची भिंगरी एकदाची कामी आली. त्याच घाण्यात खाणीतल्या लोकांच्याही छिन्न्या होत्या; त्या ज्याच्या-त्याच्या हातातून काढून आणायला तो उन्हातून खाणीपर्यंत पायी गेला. एकाही माणसाला त्याने दुसरं कारण सांगितलं नाही. "माझी चूक आहे, द्या इकडे," एवढंच. सगळ्या परत आणून पुन्हा तापवल्या, आणि ह्या वेळी एकेकीसमोर थांबला. आणि एवढं होऊनही रोजा? चालूच. आता तर म्हणे शिक्षा म्हणून. मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दुपारी नव्या छिन्न्या काकांना द्यायला तो निघाला तेव्हा मीही सोबत गेले, वाटेत कोसळला तर धरायला कोणीतरी हवं म्हणून. काका छपराखाली खाटेवर बसले होते, अर्धा चेहरा पट्टीत. दादाने छिन्न्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि उभाच राहिला. पायांची मात्र चुळबुळ चालू.

"बस," काका म्हणाले.

"नको, मी आपला..."

"अरे बस, भिंगऱ्या! त्या दगडावर बस. तुझा बाप तिथेच बसायचा."

दादा टेकला, अर्धवट.

"रोजा आहे?"

"आहे."

"का?"

दादाने तेच वाक्य म्हटलं. बाबांच्या ओठाला थेंब लागला नाही आणि हातातला हातोडा थांबला नाही. काकांनी ते ऐकून घेतलं आणि मान हलवली. मग पट्टी सांभाळत उठले, माठातून पेला भरला आणि दादाच्या समोर दगडावर ठेवला.

"उन्हाळ्यातल्या रोज्यांत तुझा बाप दुपारी कुठे जायचा रे?"

"छिन्न्या द्यायला. तुमच्याकडे."

"रोज? एवढ्या छिन्न्या मी खात होतो की काय?" काका हसले आणि टाके ओढले गेले तसे कळवळले. "अरे, पाणी प्यायला यायचा. जितकं निभलं तितकं निभवायचा, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली की चिमटा ठेवून सरळ इथे. म्हणायचा, माझ्या छिन्नीने कोणाचा डोळा गेला तर तो रोजा कोणाच्या नावावर जमा व्हायचा? ह्याच माठातून प्यायचा. म्हणजे माठ तेव्हा दुसरा होता."

दादा एकदम उठला. "पहिल्या रोज्याच्या दिवशी नाही. त्या दिवशी मी भट्टीतच होतो."

"त्या दिवशीच तर रडला. पेला हातात घेऊन. पोरगं माझ्याकडे बघून तहान मारत बसलंय आणि मी इथे पितोय, म्हणाला. मी म्हटलं, जाऊन सांग त्याला. तर म्हणे, आज नको, आज त्याला खांद्यावर घ्यायचंय. मोठा झाला की सांगेन."

मला बाबांचा भयंकर राग आला. एवढंसं सांगायला त्यांना अख्खं आयुष्य पुरलं नाही? ते एक वाक्य बोलले असते तर माझ्या भावाचे हाल, काकांचा गाल, वहिनीच्या झोपा, सगळं वाचलं असतं. आणि दुसऱ्याच क्षणी मला ते पेला धरून बसलेले दिसले आणि माझेच डोळे भरून आले.

"मग ते रोजे?" दादाने विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "ते बुडालेच?"

"बुडतील कसे? थंडीत धरायचा. घरी सांगायचा, भूक नाही. संध्याकाळी इथे येऊन सोडायचा. मी एकदा थट्टा केली, म्हटलं महिना तर केव्हाच निघून गेला. तर म्हणाला, महिना फिरता आहे, तो कोणासाठी थांबत नाही. मी त्याला थंडीत गाठतो."

मला आठवलं. थंडीतल्या त्या संध्याकाळी आई ताट झाकून ठेवायची आणि आम्ही भावंडं बाबांच्या वाटणीचंही हादडून टाकायचो. आईला माहीत असणार. नवराबायकोने मिळून आम्हाला छान बनवलं होतं.

दादा पुन्हा दगडावर बसला. ह्या वेळी पुरता. पेल्याकडे बघत राहिला, छिन्नीवर रंग चढताना बघतो तसा. मग त्याने पेला उचलला आणि सगळा एका दमात प्यायला. काकांनी दुसरा भरून दिला, तोही प्यायला. त्याच्या गळ्याखालून पाणी उतरताना मला दिसत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. घरी येऊन मी वहिनीला एवढंच म्हणाले, "प्यायला." ती चुलीकडे तोंड करून बराच वेळ रडली, आणि अबोला संपला.

त्या उन्हाळ्यात पुढे त्याने रोजा धरला नाही. हे त्याला सोपं गेलं असं म्हणणार नाही. गल्ली रोज्यात असताना आपण पाणी पिणं त्याला चोरीसारखं वाटायचं, आणि तो आठ वेळा जिना चढून-उतरून मग एकदा प्यायचा. पण प्यायचा.

थंडी पडली. दिवस आखडले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "एक-एक दिवस सोडून. आणि चक्कर आली की तिथेच मोडायचा." दादाने मान डोलावली, आणि ह्या खेपेला घडा सुलटा होता. थंडीतला रोजा एकट्याचाच असतो. पहाटे उठवायला कोणी हाक देत नाही, शेजारून ताट येत नाही, सगळं जग त्याच्यासमोर चहा पीत असतं. भट्टीची ऊब मात्र त्या दिवसांत बरी वाटते.

संध्याकाळी तो काकांकडे जातो. परवा मी खजूर घेऊन मागून गेले तर भाची तिथे आधीच येऊन बसलेली, आणि दादा त्या दगडावर, भिंतीला पाठ टेकून. मला बघून उठला नाही. काकांनी मला खूण केली की बघ, बसलाय! त्यांच्या डोळ्याखाली आता एक पांढरी रेघ राहिली आहे.

दादा मुलीला पहिल्या रोज्याची गोष्ट सांगत होता. तीच, आम्ही सगळ्यांनी हजारदा ऐकलेली. कोपरा, भट्टी, ऊन. मी मनात पुढचं वाक्य म्हणायला लागले.

"दुपारी बाबांना अंधारी आली," दादा म्हणाला. "त्यांनी चिमटा ठेवला आणि इथे आले. पाणी प्यायले. मग परत येऊन मला खांद्यावर घेतलं."